नटबोल्टवाली गिटार

काय मग, तुमची गिटार सध्या कुठे आहे?

कपाटावर? बेडखाली? ट्रेकच्या सॅकमागे? टेन्शन नको, तुम्ही एकटे नाही. वाकडपासून मोशीपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये पहिल्या-दुसऱ्या पगारातून हौसेनं घेतलेल्या कित्येक इलेक्ट्रिक गिटारी अशाच आराम करत पडल्यायत. कारणंही ठरलेली. तार दाबायला जड जाते. पाचव्या फ्रेटवर खर्रर्र होतं. वायर अँपला लावली की सुराच्या आधी ‘हूंऽऽऽ’ ऐकू येतं, जणू शेजारी फ्रिज रियाजाला बसलाय! मग पब्लिकसमोर दोनच ऑप्शन उरतात. एक, नवी महागडी गिटार. दोन, जुनी विकून टाकणं.

तिसरा ऑप्शन कुणाच्या डोक्यातच येत नाही. गिटार पालथी करा, स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि उघडा.

दचकलात ना? ‘वाद्य आहे ते, मिक्सर नाही,’ असंच आलं ना मनात? तिथेच तर गंमत आहे. सतार किंवा व्हायोलिनच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. त्यांना हात लावायला जन्म घालवलेला कारागीर लागतो. पण इलेक्ट्रिक गिटारची कुंडली वेगळी आहे. ती कारखान्याची लेक आहे. आणि आपण राहतो कुठे? भोसरी, आकुर्डी, चिंचवड, तळवडे, चाकण! इथे नटबोल्टला कोण घाबरतं, बॉस?

माहेर : टूल अँड डाय

हे मी उगाच जुळवून सांगत नाहीये. कमर्शियली चाललेली जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला बाजारात आली. कल्पना होती जॉर्ज बीचम नावाच्या वादकाची. त्याला तारेखाली बसवायची कॉइल गुंडाळायची होती. त्यासाठी त्यानं काय वापरलं? वॉशिंग मशीनची मोटर! आणि ती गिटार प्रत्यक्षात आणायला त्याला पार्टनर मिळाला तो अॅडॉल्फ रिकेनबॅकर. हा गृहस्थ कुठला उस्ताद नव्हता की सुतारही नव्हता. त्याचं टूल अँड डायचं वर्कशॉप होतं. साहजिकच त्या पहिल्या गिटारची बॉडी लाकडाची झालीच नाही, ती झाली कास्ट अॅल्युमिनियमची. गोल बॉडी, लांब दांडा, त्यामुळे लोकांनी नाव ठेवलं ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे चक्क तवा!

अॅल्युमिनियम कास्टिंग आणि टूल रूम. भोसरी एमआयडीसीत कुठल्याही गल्लीत हे दोन शब्द उच्चारा, कुणी ना कुणी मागे वळून बघेलच. आपली चेतक इलेक्ट्रिक होऊन रस्त्यावर आली २०२० मध्ये. गिटार तिच्या ८८ वर्षं आधीच झाली होती.

पुढचा माणूस याहून भारी. लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात याचं रेडिओ रिपेअरिंगचं दुकान. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत नाही. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते: जी वस्तू सहज उघडता येत नाही ती बनवणाऱ्यानं अर्धवट बनवलीय. १९५० मध्ये त्यानं जी गिटार बाजारात आणली (पुढे तिचं नाव टेलिकास्टर पडलं) तिची मान बॉडीला सरसानं चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी आवळलेली होती. मान वाकली? चार स्क्रू काढा, दुसरी लावा. स्विच गेला? पट्टी उचला, बदला. स्पेअर पार्ट्सचा फंडा! जुन्या घराण्यांच्या गिटार-मेकर्सनी नाकं मुरडली. पण १९५४ मध्ये त्याचीच स्ट्रॅटोकास्टर आली आणि पुढचा सगळा रॉक त्या चार स्क्रूंवर उभा राहिला.

रंगाचंही तेच. फेंडरच्या गिटारींचे ते फेमस चकाचक रंग मोटारींचे आहेत, ड्यूपाँट कंपनीचे कारसाठी बनवलेले रंग. ‘फिएस्टा रेड’ ही तर फोर्डच्या थंडरबर्ड गाडीची शेड. तेव्हा गिटार रंगवायला आपल्याकडे कुणाकडे जायचं, हे वेगळं सांगायला नको. डेंटिंग-पेंटिंगवाला भाऊ जिंदाबाद!

आतमध्ये असतं तरी काय?

खरं सांगायचं तर फार काही नसतं. तारांखाली ‘पिकअप’ असतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे; स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये साधारण ८००० भरतात. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, क्षेत्र हललं की कॉइलमध्ये इवलासा करंट तयार होतो. बाइकच्या मॅग्नेटोचा हा चुलतभाऊच म्हणायचा. पुढे एक-दोन पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या नॉबखाली असतो तो), एक कपॅसिटर, एक स्विच, एक सॉकेट. संपलं. आठवीच्या सायन्स प्रोजेक्टमध्ये यापेक्षा जास्त सामान असायचं.

आणि तो ‘हूंऽऽऽ’? ती आपल्या महावितरणची कृपा. घरातल्या वायरिंगमधला ५० हर्ट्झचा करंट त्या कॉइलला हवेतून ऐकू येतो. त्यावर १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या इंजिनिअरनं जालीम उपाय काढला. शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवायच्या, एक सुलटी, एक उलटी, चुंबकाचं टोकही उलटं. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो. बाहेरची घरघर मात्र एकीत अधिक, दुसरीत उणे. बेरीज शून्य! याला म्हणतात ‘हमबकर’.

आता कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेतलं झालं, आपल्याकडे कोण करतं असले उद्योग? अहो, दरवर्षी गणपतीत तुम्ही त्याच्यापुढे नाचता! विसर्जनाच्या मिरवणुकीत हातगाडीवर वाजतो तो आपला ‘बेंजो’ आठवा. तो अमेरिकन बँजो नाहीच मुळी. १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसानं टाइपरायटरसारखी बटणं लावून एक तंतुवाद्य बनवलं, ताइशोगोतो. ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं. मग महाराष्ट्रातल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, वायर काढली, अँपला जोडली आणि ढोल-ताशाच्या गदारोळातही ऐकू जाईल असं खणखणीत वाद्य करून टाकलं. कुठल्या म्युझिक कॉलेजनं शिकवलं नव्हतं, ना कुणी पेटंट काढलं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन ‘बँजो’ नावाचा सिनेमा काढला, तेव्हा कुठे मल्टिप्लेक्सवाल्यांना त्या वादकांची कहाणी दिसली. घरच्या घरी वाद्य इलेक्ट्रिक करायची परंपरा आपल्या चाळींमध्ये आणि वस्त्यांमध्ये आहे. फक्त तिला आपण ‘कूल’ म्हणत नाही, एवढंच.

मोटरसायकलच्या स्प्रिंगा आणि आईची विणायची सुई

घरी बनवलेल्या गिटारींची राणी मात्र एकच. ऑगस्ट १९६३ मध्ये लंडनजवळ एका शाळकरी पोराला फेंडर पाहिजे होती. घरची परिस्थिती बेताची. पोराचे वडील हॅरोल्ड, सरकारी विमान खात्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारे, हातानं काहीही बनवणारे. बापलेकांनी ठरवलं, आपणच करू. पुढची जवळपास दोन वर्षं दोघं लागले कामाला. मानेसाठी जुन्या फायरप्लेसवरची महोगनीची फळी. तिच्यात वाळवीसारख्या किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. फ्रेटवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सूर लवचिक करणाऱ्या दांडीला सायकलच्या कॅरिअरची सळई, तिच्या टोकाला आईची विणायची सुई. आणि त्या दांडीमागच्या दोन स्प्रिंगा? १९२८ सालच्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या!

त्या पोराचं नाव ब्रायन मे. गिटारचं नाव ‘रेड स्पेशल’. बँडचं नाव तुम्हाला ठाऊकच आहे, क्वीन. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी, पहिला बँडही त्यानं तिथेच केला. म्हणजे फ्रेडीची शाळा पाचगणीत संपली त्याच सुमारास तिकडे ब्रायन कानशीनं लाकूड घासत बसला होता. १९८५ चा लाइव्ह एड असो की २००२ मध्ये बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर वाजवलेलं राष्ट्रगीत, ब्रायनच्या गळ्यात तीच घरची गिटार.

पण या गोष्टीचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत असतो, आणि तो आपल्या घरांमध्ये जास्त ओळखीचा वाटेल. ब्रायन अभ्यासात हुशार. इंपीरियल कॉलेजमध्ये खगोलशास्त्रात पीएचडी करत होता. ती सोडून त्यानं बँड धरला, तेव्हा सगळ्यात जास्त दुखावले ते हॅरोल्डच! ज्या माणसानं रात्री जागून मुलाबरोबर गिटार घासली, त्यालाच गिटारसाठी करिअर सोडणं पटेना. कितीतरी काळ दोघांमध्ये धड बोलणं नव्हतं. शेवटी ब्रायननं त्यांना न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारोंच्या गर्दीसमोर वाजवून दाखवलं, तेव्हा बाबांचा विरोध मावळला. (पीएचडीचं म्हणाल तर ती ब्रायननं २००७ मध्ये पूर्ण केली. उशिरा का होईना, सबमिशन झालं!)

‘इंजिनिअरिंग केलंस ते गिटार वाजवायला का रे?’ हे वाक्य ज्यांनी निगडी-संभाजीनगरच्या घरांमध्ये ऐकलंय त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती लागणार आहे.

चाकणचं सोनं : पॅलेट

‘लाकूड कुठलं वापरू?’ हा नवख्यांचा पहिला प्रश्न. नेटवर यावर युद्धं चालतात. त्याला १९९५ मध्ये अमेरिकेतल्या टेलर कंपनीच्या बॉब टेलरनं झकास उत्तर दिलं. त्यानं कचऱ्यातलं एक पॅलेट उचललं, हो हो, तेच माल ठेवायचं, फोर्कलिफ्टनं उचलायचं लाकडी पॅलेट. त्याची ओक लाकडाची अकूस्टिक गिटार केली आणि वर फिंगरबोर्डवर शिंपल्यात फोर्कलिफ्टचं चित्र जडवलं. सांगायचं एवढंच होतं की नुसत्या महागड्या लाकडानं गिटार होत नाही, हातानं होते. आणि ही होती पोकळ, अकूस्टिक गिटार, जिथे लाकडावर सगळा खेळ असतो. इलेक्ट्रिकची बॉडी तर भरीव, आवाज पकडणारे चुंबक आणि तार. तिथे पॅलेटला कसली लाज?

चाकण-तळेगाव रस्त्यानं गेलात तर पॅलेटचे ढीगच ढीग दिसतात. पण उचलण्याआधी (विचारून उचला, प्लीज!) त्यावरचा शिक्का वाचा. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि दोन अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, बिनधास्त घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं धुरी दिलेलं. त्याला घरात आणू नका, घासू तर मुळीच नका. तेलाचे किंवा केमिकलचे डाग असलेलंही नको. पाइनच्या दोन-तीन फळ्या नीट रंधा मारून कडेनं जोडल्या, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवल्या की ४५ मिलिमीटर जाडीची बॉडी निघते.

पॅलेट नको, काहीतरी ‘आपलं’ हवंय? मग भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तूण मागा. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला हेच लाकूड वापरतात. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं तूण आणि महोगनी एकाच कुळातले, आणि महोगनी म्हणजे गिब्सनच्या ‘लेस पॉल’ गिटारचं लाकूड. फिंगरबोर्डला शिसव. जगातल्या नामांकित कंपन्या आपल्याकडून शिसव नेतात, आपण मात्र ते सोफ्यातच बघतो! फक्त शिसवाची भुकटी नाका-डोळ्यांना झोंबते, कुणाकुणाला अॅलर्जी होते. मास्क हवाच.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. सतारीसाठी आज जग ज्या गावाकडे बघतं, तिथली ही कला वाद्य बनवणाऱ्यांनी सुरू केली नाही. एकोणिसाव्या शतकात पटवर्धन संस्थानिकांच्या काळात तिथले शिकलगार तलवारी-भाल्यांना धार लावायचे. हत्यारांचे दिवस सरले, काम आटलं. तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी दरबारी गवयांची बिघडलेली वाद्यं दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त करता करता बनवायला शिकले. शिकलगारांचे सतारमेकर झाले! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग मिळाला. धातूचं काम जाणणारे हात सुराकडे वळले की काय होतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे, पिंपरीपासून एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर.

मग सुरुवात कुठून?

एकदम करवत उचलू नका. तीन पायऱ्या आहेत.

पहिला वीकेंड : सेटअप. इथे एक पैसा खर्च नाही. लागतं फिलर गेज, तेच ते, टॅपेट सेटिंगचं, पात्यांचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट मोजा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. कमी-जास्त असेल तर मानेत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती अॅलन कीनं फिरवा. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. सहा तारा मिळून मानेला साधारण ४५ किलोच्या ताणानं ओढत असतात, त्यामुळे घाई केलीत तर मान मोडेल. पावसाळ्यात लाकूड दमट झालं की हेच परत करावं लागतं. तुमची गिटार ‘खराब’ नाही हो, तिची फक्त सर्व्हिसिंग राहिलीय!

दुसरा वीकेंड : वायरिंग. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास फिरा. सिंगल कॉइलला २५० केचे पॉट, हमबकरला ५०० केचे. दुकानदाराला ‘ए’ टाइप सांगा, म्हणजे आवाज हळूहळू वाढतो. ‘बी’ टाइप घेतला तर नॉब फिरवताना आवाज एका टोकालाच उडी मारतो. आतल्या पोकळीला चिकटपट्टीसारखी तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली की घरघर निम्मी पळते. आणि हात जोडून एक विनंती: गिटार उघडा, पण अँप उघडू नका. विशेषतः व्हॉल्व्हचा अँप. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका चार्ज धरून बसलेले असतात. आणि घरातलं अर्थिंग नीट आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गिटारच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात, हे विसरू नका.

पिकअप स्वतः गुंडाळायचाय? करा ना. शिवणयंत्राची मोटर चालते. पण एक लोचा ध्यानात ठेवा. परदेशी पुस्तकांत ‘४२ गेज तार’ लिहिलेलं असतं, ते अमेरिकन गेज, जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याचं गेज ब्रिटिश, एसडब्ल्यूजी. त्याच्याकडे ४२ मागितलंत तर ०.१ मिलिमीटरची जाडजूड तार हातात पडेल आणि ८००० वेढे बॉबिनवर मावणारच नाहीत. ४६ मागा. गुंडाळून झालं की कॉइल वितळलेल्या मेणात बुडवतात, म्हणजे वेढे हलत नाहीत आणि पिकअप शिट्टी मारत नाही. एडी व्हॅन हेलननं हेच केलं होतं. त्या पठ्ठ्यानं सेकंड क्वालिटीची बॉडी घेतली पन्नास डॉलरला, मान घेतली ऐंशीला, दुसऱ्याच गिटारचा पिकअप मेणात बुचकळून बसवला आणि वर सायकलचा रंग फासला. १९७८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि जगभरचे गिटारवाले तोंडात बोट घालून बघत राहिले.

तिसरी पायरी : बॉडी. पहिल्यांदा मान विकतच घ्या, बॉडी घरची करा. मानेचं काम मुरलेल्या हाताचं. तरीही फ्रेट स्वतः पाडायचेच असतील, तर हिशेब सोपा आहे. फेंडरची मोकळी तार ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ नं भागा, आलं ३६.३७, हा पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ नं भागा, आलं ३४.३३, हा त्याच्या पुढचा. असं करत गेलात की बारावा फ्रेट बरोब्बर ३२४ वर, म्हणजे मध्यावर येतो. खरी मेख अशी की आखताना एका फ्रेटपासून दुसरा असं मोजायचं नाही; चूक साठत जाते. सगळी मापं वरच्या टोकापासूनच घ्यायची. सीएनसीवर काम केलेल्या माणसाला हे सांगितलंत तर तो हसेल. डेटम एकच असतो, हे त्याला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं.

आणि सोसायटीवाल्यांनो, ड्रिल दुपारी दोन ते चार नको. स्प्रे पेंटिंग तर फ्लॅटमध्ये अजिबात नको. थिनरची वाफ आणि देवघरातली समई यांचं जमत नाही.

पण का करायचं?

आता प्रामाणिक हिशेब. पैसे वाचतात का? नाही. हल्ली कारखान्यात बनलेली स्वस्त गिटारसुद्धा बरी असते. घरी करायला घेतलंत तर पार्ट्स, पॉलिश पेपर, बोहरी आळीच्या चार फेऱ्या आणि तीन महिन्यांचे रविवार धरून सौदा घाट्याचाच. विकायला गेलात तर कुणी विचारणार नाही. कुणाची जुनी, किमती गिटार असेल तर तिच्यात भोकं पाडू नका, हेही सांगतो.

मग फायदा काय? आपल्या पट्ट्यात रोज किती वस्तू बनतात! गाड्या, बेअरिंग, पंप, गिअर. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी ड्रॉइंगप्रमाणे बनते. टॉलरन्समध्ये बसली तर पास, नाहीतर रिजेक्ट. आणि आपण, म्हणजे त्या कामगारांची पुढची पिढी, आता बनवतही नाही. हिंजवडीत बसून एक्सेल भरतो, कॉल अटेंड करतो, स्टेटस अपडेट पाठवतो. वर्षाच्या शेवटी ‘तू नक्की काय केलंस?’ असं कुणी विचारलं तर हातात धरून दाखवता येईल असं काहीच नसतं. गिटार दाखवता येते. तिची प्लग-होल थोडी तिरकी असेल, रंगाला एक ओघळ असेल, पण ड्रॉइंग तुमचं असेल. इन्स्पेक्शनही तुमचंच.

आणि दुसरं कारण, माझ्या मते मोठं. तुमच्या माळ्यावर एक पेटी आहे. पत्र्याची, निळी किंवा हिरवी. टेल्कोत, बजाजमध्ये किंवा भोसरीच्या एखाद्या शॉपमध्ये तीसेक वर्षं काढलेल्या माणसाची. आत व्हर्निअर आहे, तेल लावून कापडात गुंडाळलेलं. कानशींचा सेट आहे. टॅप आणि डाय आहेत. फिलर गेज तर नक्कीच आहे. पेटीचा मालक सध्या सकाळी उद्यानात चालतो, दुपारी बातम्या बघतो आणि संध्याकाळी तुमची वाट बघतो. तुम्ही आल्यावर दोन वाक्यांचं बोलणं होतं. ‘जेवलास का?’ ‘हो पप्पा.’ संपलं.

त्याच्या हातात पाव मिलिमीटर ओळखायची जी नजर आहे ती कुठल्याच व्हिडिओत नाही. ती एका पिढीत कमावलेली आहे आणि ती पेटी भंगारात गेली की तिच्याबरोबर जाईल. कुदळवाडीची भंगारची गोदामं आठवतात ना? फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या मोहिमेत तिथली बांधकामं मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. कायद्याची बाजू काहीही असो, जुन्या लोखंडात हवी ती वस्तू शोधून काढायची एक जागा त्या आठवड्यात नकाशावरून पुसली गेली. माळ्यावरच्या पेट्याही अशाच, एक एक करून, गुपचूप जातायत.

हॅरोल्ड मे यांना मुलाचं संगीत कळायला मॅडिसन स्क्वेअर गार्डनपर्यंत जावं लागलं. पण मुलाला बाप कळला होता तो त्याच्या कितीतरी आधी, घरात, एका जुन्या फळीवर कानस चालवताना. मधल्या अबोल्याच्या काळातही ब्रायनच्या गळ्यात ती गिटार होतीच, बापाच्या हाताची. बोलणं बंद होतं तेव्हाही ती वाजत होती.

तेव्हा या वीकेंडला मॉल राहू दे. घरी जाऊन नुसतं विचारा, ‘पप्पा, तुमचं फिलर गेज कुठंय?’

‘कशाला पाहिजे रे तुला?’ असं उत्तर येईल. थोडं संशयानं, थोडं खूश होऊन. मग चष्मा शोधला जाईल, स्टूल आणलं जाईल. ‘सरक, तुला नाही जमायचं ते,’ असं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आणि जरा उशीर होईल असं आईला आधीच सांगून ठेवा!